मोटारीतील गारवा : गॅस जातो कोठे?

चैत्र सरून वैशाख लागला की आपल्या शहरांत दोन ठिकाणी गर्दी वाढते. सायंकाळी ती व्याख्यानांच्या मंडपात असते आणि दिवसा मोटारींच्या गॅरेजांत. मंडपात येणाऱ्यांच्या आवडीनिवडी नाना प्रकारच्या असतात, गॅरेजात येणाऱ्यांचे मागणे मात्र बहुधा एकच असते : "एसी गार करीत नाही, गॅस भरून द्या." मेकॅनिक नळी जोडतो, पंधरा-वीस मिनिटांत थंड हवा येऊ लागते, पैसे दिले-घेतले जातात आणि गाडी रस्त्यास लागते. पुढील वैशाखात तीच गाडी आणि तेच मागणे. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की, पेट्रोल जसे जळून संपते तसा एसीतील गॅसही वापराने संपतो, अशी पुष्कळ जाणत्या मंडळींचीही समजूत होऊन बसली आहे. ही समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे पैसा जातो, यंत्र बिघडते आणि आणखीही एक नुकसान होते, ज्याचे बिल आपल्या हाती कधी येत नाही. ते कसे, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

ह्यासाठी प्रथम गारवा येतो कसा, हे पाहिले पाहिजे. त्याचे उत्तर आपल्या घरातील माठात आहे. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी हवेत उडून जाते आणि जाताना माठातील पाण्याची उष्णता घेऊन जाते. कोणत्याही द्रवाची वाफ व्हावयाची तर उष्णता लागते व ती जवळ जे असेल त्याच्याकडून घेतली जाते. उन्हाळ्यातील हवेत एक ग्रॅम पाणी उडून जाण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे एवढेसे पाणी उडाले, तर तेवढ्या उष्णतेच्या हिशेबाने ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी निवते. माठाची उणीव एवढीच की, उडालेले पाणी परत येत नाही. म्हणून तो रोज भरावा लागतो.

मोटारीतील एसी हा जणू असा माठ आहे की, ज्यातून उडालेली वाफ वाया जाऊ दिली जात नाही. ती पकडून, दाबून, पुन्हा द्रव करून पूर्वीच्या जागी आणली जाते. हे साधते ते एका साध्या नियमामुळे : द्रव किती तापमानास उकळेल हे त्यावरील दाबावर अवलंबून असते. महाबळेश्वरास हवेचा दाब कमी, म्हणून तेथे पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते. उलट घरच्या प्रेशर कुकरात दाब अधिक, म्हणून तेथे ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. एसीतील पदार्थ पाण्यापेक्षा फारच लवकर उकळणारा असतो. आपल्याकडील बहुतेक चालू गाड्यांत आर-१३४ए नावाचा पदार्थ आहे. तो मोकळ्या हवेच्या दाबास शून्याखाली २६ अंशांवरच उकळतो. त्याचा दाब कमी-जास्त करून आपण त्यास हवे तेथे उकळावयास व हवे तेथे निवावयास लावू शकतो.

गाडीतील त्याचा प्रवास असा. डॅशबोर्डच्या मागे एक जाळीदार वेटोळे असते, त्यास गॅरेजात कूलिंग कॉइल म्हणतात. तेथे दाब कमी राखलेला असतो, त्यामुळे द्रव शून्य ते पाच अंशांच्या आसपास उकळू लागतो व आतील हवेची उष्णता शोषून घेतो. पंखा ही निवालेली हवा आपल्या अंगावर सोडतो. झालेली वाफ इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि कित्येक पट दाबतो. दाबल्यामुळे ती चांगलीच तापते. ही तप्त वाफ गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये जाते. बाहेर ४० अंशांचे ऊन असले तरी वाफ त्याहून गरम असल्यामुळे आपली उष्णता बाहेरच्या हवेस देऊ शकते व साठ अंशांच्या आत-बाहेर पुन्हा द्रव होते. मग हा द्रव ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधून व एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून पुन्हा कूलिंग कॉइलमध्ये येतो. हे चक्र गाडी चालू असेपर्यंत फिरत राहते.

ह्या चक्रात गॅस कोठेही जळत नाही, झिजत नाही व संपत नाही. तो केवळ हमालाप्रमाणे आतील उष्णता उचलून बाहेर टाकतो व रिकाम्या हाताने परत येतो. तेव्हा गॅस कमी झाला असेल, तर त्याचा अर्थ एकच : तो कोठून तरी बाहेर गेला आहे.

येथे कोणी विचारील की, घरचा फ्रीज पंधरा-पंधरा वर्षे गॅसवाचून अडत नाही, मग मोटारीचेच असे का? प्रश्न रास्त आहे. फ्रीजचा कॉम्प्रेसर व त्याची मोटर एकाच लोखंडी डब्यात कायमची बंद केलेली असतात आणि सर्व नळ्या धातूच्या व डागून जोडलेल्या असतात. मोटारीत ही सोय नाही. इंजिन सतत थरथरते, म्हणून काही नळ्या लवचीक रबराच्या ठेवाव्या लागतात. कॉम्प्रेसर बाहेरील पट्ट्याने फिरवावयाचा, म्हणून त्याचा दांडा डब्यातून बाहेर काढावा लागतो आणि दांड्याभोवती सील बसवावे लागते. सांधे अनेक, प्रत्येक सांध्यास रबरी कडी. ह्या वाटांनी थोडा थोडा गॅस निरोगी यंत्रातूनही झिरपतो. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या नियमाने अशा एका कूलिंग कॉइलच्या गाडीस वर्षाला ४० ग्रॅमची मर्यादा घालून दिली. लहान मोटारीत एकंदर गॅस सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम असतो. तेव्हा पाच-सहा वर्षांनी एकदा थोडी भर घालावी लागली, तर त्यात वावगे काही नाही. परंतु दर उन्हाळ्यास भरावा लागत असेल, तर ती गळती आहे, आणि गळतीवर भरणे हा उपाय नव्हे. फुटक्या रांजणात पाणी ओतीत राहणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही.

"गळती राहू द्या, आम्ही दरवर्षी भरून घेऊ," असे म्हणणारे काही गृहस्थ आम्हांस भेटतात. त्यांच्या हिशेबात तीन गोष्टी आलेल्या नसतात.

पहिली गोष्ट तेलाची. कॉम्प्रेसरला वंगणाची जी गरज असते, ती गॅसबरोबरच फिरणाऱ्या तेलाने भागते. गळतीच्या जागेतून गॅसबरोबर तेलही जाते. म्हणूनच गळतीपाशी तेलकट, धूळ बसलेला डाग दिसतो. शिवाय गॅस कमी असला की उरलेले तेलही कॉम्प्रेसरकडे नीट परत येत नाही. नुसता गॅस भरीत गेल्यास तेल वर्षानुवर्षे उणे होत जाते आणि एके दिवशी कॉम्प्रेसर जाम होतो. मग त्याच्या आत झिजलेल्या धातूचा चुरा सर्व नळ्यांत पसरतो व खर्च अनेक पटींनी वाढतो.

दुसरी गोष्ट ओलाव्याची व हवेची. यंत्रणा पुरती रिकामी झाली, की त्याच छिद्रातून हवा व दमटपणा आत शिरतो. हवा काही केल्या द्रव होत नाही. ती कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते, दाब वाढविते आणि गारवा घटविते. ओलावा त्याहून वाईट. तो व्हॉल्व्हच्या छिद्रापाशी गोठून वाट अडवितो आणि तेल व गॅस ह्यांच्याशी मिळून आम्ल तयार करून धातू खातो.

तिसरी गोष्ट मापाची. किती गॅस शिल्लक आहे हे ठाऊक नसताना वर किती घालावयाचा, हे ठरवावयाचे कसे? पुष्कळांस वाटते की, गेजचा काटा पाहून ते कळते. परंतु येथे घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरची आठवण करावी. सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला असो, आत थोडाही द्रव आहे तोवर त्याचा दाब तापमानावर ठरतो, उरलेल्या वजनावर नव्हे. म्हणूनच आपण सिलिंडर तोलून घेतो, त्यात १४.२ किलो गॅस असावयास हवा, हे वजनानेच पडताळता येते. मोटारीच्या एसीचेही तसेच आहे. बॉनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तीवर गॅसचे नाव व ग्रॅममधील वजन छापलेले असते. त्याहून कमी घातल्यास गारवा कमी, आणि अधिक घातल्यासही गारवा कमीच. कारण जादा द्रव कंडेन्सर भरून टाकतो व वाफेस निवावयास जागा उरत नाही. "चार गोळ्या जास्त घेतल्या तर ताप लवकर उतरेल" ह्या हिशेबाने येथे भागत नाही.

मग योग्य रीत कोणती? चांगल्या गॅरेजात तिचा क्रम ठरलेला असतो व तो प्रत्येक गाडीवाल्यास ठाऊक असावा.

प्रथम रोगनिदान. गारवा कमी होण्याचे कारण दर वेळी गॅसच असते असे नाही. हवा गाळणारा केबिन फिल्टर धुळीने चोंदला असेल, तर गार हवा असूनही ती बाहेर येत नाही. कंडेन्सरच्या जाळीत चिखल, पाने व किडे अडकले असतील किंवा त्याचा पंखा बंद असेल, तर वाफ निवत नाही. अशी गाडी रस्त्यावर धावताना गार करते आणि सिग्नलशी थांबताच गरम फुंकर मारते. पट्टा सैल असेल, कॉम्प्रेसरचा क्लच घसरत असेल, किंवा गरम व गार हवेची मिसळ करणारे आतील झडप अडकले असेल. मेकॅनिक दोन घड्याळांचे गेज जोडतो, त्यात निळे कमी दाबाचे व तांबडे जास्त दाबाचे. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी असल्याचा संशय; दोन्ही वर असतील तर गॅस जादा किंवा कंडेन्सर चोंदलेला; निळा वर आणि तांबडा खाली असेल तर कॉम्प्रेसर थकलेला. काटा संशय दाखवितो. वजन मात्र तराजूच सांगतो.

दुसरी पायरी, उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून सिलिंडरात साठवावयाचा व तोलावयाचा. चिठ्ठीवर ४५० ग्रॅम आहे आणि निघाला १८० ग्रॅम, म्हणजे २७० ग्रॅम गेला. हा आकडा निदानाचा पाया होय. तिसरी पायरी गळती शोधण्याची. तेलकट डाग पाहणे, साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहणे, अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग तेलात सोडणे, गॅस हुंगणारे विजेचे यंत्र फिरविणे, किंवा कोरडा नायट्रोजन दाबाने भरून काटा उतरतो का ते पाहणे, असे अनेक मार्ग आहेत. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेलाशी त्याचा स्फोट होतो. साधी दाबलेली हवाही नको. तिच्याबरोबर ओलावा आत जातो.

गळती सापडल्यावर तो भाग बदलावयाचा, त्याच्या कड्या नव्या घालावयाच्या, आणि यंत्रणा उघडी राहिली असेल तर ड्रायरही नवा. मग व्हॅक्यूम. पंपाने आतील हवा ओढून काढली की दाब फार उतरतो. पाण्यावरचा दाब हवेच्या नेहमीच्या ७६० मिलिमीटरवरून ३२ मिलिमीटरच्या खाली आला, की ३० अंशांवरच ते उकळून वाफ होते; ती वाफ पंप बाहेर टाकतो. म्हणून व्हॅक्यूमला अर्धा तास तरी द्यावा. त्यानंतर पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटे काटा पाहावा. तो स्थिर राहिला तर ठीक. चढू लागला तर अजून गळती किंवा ओलावा आहे. शेवटी, गेले तेवढे योग्य जातीचे तेल व चिठ्ठीप्रमाणे तोललेला गॅस. तेलाची जात महत्त्वाची आहे. विजेच्या व काही संकरित मोटारींतील कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतात. त्यांत वीज वाहू देणारे तेल मिसळले तर धोका उत्पन्न होतो. अशा गाड्यांना माहीतगारानेच हात लावावा.

हे काम घरी करू पाहणाऱ्यांस एक इशारा दिला पाहिजे. बाहेर उसळलेला द्रव कातडीवर किंवा डोळ्यांत गेल्यास त्या जागा गोठतात. ज्वाळेत सापडल्यास गॅसपासून विषारी धूर होतो. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरून देतो असे कोणी म्हटल्यास त्यास नकार द्यावा. तो गार करतो हे खरे. परंतु त्यासाठी न घडविलेल्या यंत्रणेतून तो गळाला, तर बंद गाडीत आगीचा धोका असतो.

आता ज्या नुकसानीचे बिल आपणांस मिळत नाही, ते पाहू. पूर्वी शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड असे विषारी वायू असत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत टॉमस मिज्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर-१२ हा न जळणारा, बिनविषारी वायू पुढे आणला. तो वरदानच वाटला व मोटारींतही आला. परंतु १९७४ मध्ये मोलिना व रोलंड ह्या शास्त्रज्ञांनी दाखविले की, हाच वायू वर चढून ओझोनच्या थराचा नाश करू शकतो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुवावरील ओझोनची मोठी घट प्रसिद्ध केली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे राष्ट्रांचा करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. आर-१२ मागे पडून आर-१३४ए आला. ओझोनला त्यापासून उपद्रव नाही. परंतु हवेत उष्णता कोंडून ठेवण्यात तो, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे १,४३० पट प्रभावी मानला जातो. अर्धा किलो आर-१३४ए हवेत सोडला, तर तो जवळजवळ ७१५ किलो कार्बन डायॉक्साइडच्या बरोबरीचा झाला. एवढा कार्बन डायॉक्साइड सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्याने निघतो. पुण्याहून दिल्लीस जाऊन परत यावयास साध्या मोटारीस एवढे पेट्रोल लागत नाही.

२०१६ मध्ये किगाली येथे ह्या करारास पुरवणी जोडली गेली व २०२१ मध्ये भारताने ती स्वीकारली. तीनुसार आपल्या देशाने अशा वायूंचा वापर २०२८ पासून वाढू द्यावयाचा नाही, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवावयाचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करावयाचा आहे. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा फार कमी प्रभावाचा वायू येऊ लागला आहे. तो थोडासा ज्वलनशील असून महाग आहे, व आर-१३४एच्या जागी किंवा त्यात मिसळून चालत नाही. परंतु राष्ट्रांचे करार कागदावर होतात. गॅस मात्र गल्लीतल्या गॅरेजात सुटतो. तेथे व्हॉल्व्हची पिन दाबून उरलेला गॅस "उडवून" देणारा मेकॅनिक आणि घाई करणारा गिऱ्हाईक हे दोघेच असतात.

ह्यात सारा दोष मेकॅनिकाच्या माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. गळती शोधण्यास दोन-तीन तास लागतात, ती कूलिंग कॉइलमध्ये निघाली तर सबंध डॅशबोर्ड उतरावा लागतो. प्रामाणिक कारागीर हे सांगतो, तेव्हा गिऱ्हाईक म्हणतो, "शेजारचा तर वीस मिनिटांत करून देतो," आणि निघून जातो. असे दहा गिऱ्हाईक गेले की प्रामाणिक कारागीरही शेजाऱ्याची रीत उचलतो. आपण जे मागतो, तेच बाजारात मिळू लागते. म्हणून मागणेच बदलावे. गॅरेजात चार गोष्टी विचाराव्यात व बिलावर लिहून घ्याव्यात : गॅस किती निघाला, गळती कोठे सापडली, तेल कोणते व किती घातले, आणि गॅस किती ग्रॅम भरला. ज्याच्यापाशी ही उत्तरे आहेत त्यास त्याच्या वेळेचे पैसे आनंदाने द्यावेत.

बाकीची निगा घरच्या घरी होण्यासारखी आहे. केबिन फिल्टर वर्षातून एकदा, आणि धुळीच्या गावी दोनदा पाहावा. कंडेन्सर साध्या नळाच्या पाण्याने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. थंडीत व पावसाळ्यातही आठवड्यातून पाच-दहा मिनिटे एसी चालवावा. त्यामुळे दांड्याच्या सीलास तेल मिळते व ते सुकून तडकत नाही. पावसात घाट चढताना काचेवर आतून बसणारे धुके एसीच्या कोरड्या हवेने लवकर निघते, हा वेगळा लाभ. मुक्कामाच्या थोडे अगोदर एसी बंद करून पंखा चालू ठेवला, तर कॉइल सुकते व कुबट वास येत नाही. उन्हात उभ्या गाडीत बसताना आधी काचा उघडून तापलेली हवा जाऊ द्यावी आणि मग एसी लावावा. आणि गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकताना दिसले तर घाबरू नये; ते कॉइलवर निवालेले हवेतील बाष्प होय. ते ठिबकत नसेल व आत पायांशी ओल येत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

ह्यांपैकी फारच थोड्या गोष्टींना खर्च लागतो. एवढी काळजी घेऊनही पुढील वैशाखात गारवा उणा वाटला, तर गॅरेजात शिरताना "गॅस भरा" असे न म्हणता "गॅस कोठे गेला ते पाहा" असे म्हणावे. ह्या एका प्रश्नाने कामाची दिशा बदलते. कॉम्प्रेसर वाचतो, दरवर्षीचा खर्च वाचतो, आणि आपल्या गाडीतून निघून जाणारा गॅस सर्वांच्या आकाशात जावयाचा थांबतो.